कोळंबीच्या मुंडीचं पाणी : प्रकल्प नोंदी

१३ मे २०२४, सोमवार

खाडीपलीकडच्या तळीवाल्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. कोळंबी सोलण्याच्या कारखान्याच्या पाण्यातून रोग येतो, आमची कोळंबी मरते. कारखान्याच्या शेठनी अर्जाची प्रत माझ्यासमोर ठेवली आणि तिच्यावर ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेचा, महिन्याचा रिपोर्ट. "मॅडम, सगळं पास आहे. अजून काय करायचं आम्ही?"

रिपोर्ट खरंच पास आहे. सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत, तरंगते कण १०० च्या आत, उरलेला क्लोरीन १ च्या आत. पण त्या यादीत विषाणू नावाची ओळच नाही. पाणी कायद्याने स्वच्छ आणि तरी तळीवाल्यांचं म्हणणं खरं, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. शेठना हे ऐकायला आवडलं नाही.

अर्जातला रोग म्हणजे व्हाइट स्पॉट, कोळंबीच्या कवचावर पांढरे ठिपके आणणारा विषाणूचा रोग. भारतात १९९४ पासून ठाण मांडून आहे. तेव्हा टायगर कोळंबीची तळी बसली, २००९ नंतर व्हॅनामी जातीची कोळंबी आली, रोग तोच. माणसाला ह्याने काही होत नाही, ताटातली कोळंबी खुशाल खावी. पण तळ्यात शिरला की आठवडा-दहा दिवसांत तळं रिकामं. आणि तळ्यात रोग दिसला की मालक करतो काय? जाळं टाकून मिळेल तो माल काढतो आणि मिळेल त्या भावाने विकतो. तो माल येतो आमच्याकडे. म्हणजे ज्या दिवशी शेठना माल स्वस्त, त्या दिवशी आमच्या गटारात विषाणू जास्त.

शेठनी एका विक्रेत्याकडून यूव्हीचं, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्याचं, कोटेशन आधीच मागवलंय. शेवटच्या पाइपला दिवा लावायचा, विषय संपला. मी म्हटलं, आधी गटारं बघू.

१४ मे

गटारांचा नकाशा कुणाकडेच नाही. ईटीपीवरच्या काकांकडून पोटॅशियम परमँगनेट घेतलं, बादलीभर जांभळं पाणी केलं आणि एकेका जागी ओतत गेले. काका टाकीपाशी उभे राहून ओरडायचे, "आला!"

सोलण्याच्या हॉलमधलं आलं. फरशी धुतात ते आलं. माल उतरवतात आणि मुंड्या काढतात त्या शेडमधलं अर्धंच आलं. दुसरी बादली ओतली, पुन्हा अर्धंच. बाकीचं गेलं कुठे?

शेडच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे. बर्फाचं पाणी क्रेटमधून गळतं, उताराने पावसाळी गटारात जातं आणि तिथून थेट खाडीत. मी कुंपणापलीकडे जाऊन बघितलं तर खडकावर गुलाबी ओघळ. काका माझ्यामागे आले, बघितलं, आणि म्हणाले, "बाय, हे तर मी येण्याच्या आधीपासून असं आहे." काकांना इथे अकरा वर्षं झाली.

म्हणजे सगळ्यात घाण पाण्यातलं निम्मं पाणी ईटीपीचं तोंडही बघत नाही. दिवा कुठल्याही पाइपला लावला तरी ह्याला काय?

१६ मे

गवंडी आला. उंबऱ्यावर चार इंचाची वरंबी आणि आतल्या बाजूला उतार. खर्च नगण्य. ह्या प्रकल्पातलं सगळ्यात फायद्याचं काम बहुतेक हेच ठरणार, आणि त्यात शास्त्र शून्य.

२१ मे

यूव्हीवाला आला होता. चांगला मुलगा, पण त्याची सगळी गणितं पिण्याच्या पाण्याची. त्याला आमच्या क्लॅरिफायरनंतरच्या, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीनंतरच्या, पाण्याची बाटली दिली. डोळ्याला नितळच दिसतं, जरा पिवळट. त्याच्या मीटरवर २५४ नॅनोमीटरचा, म्हणजे यूव्ही दिव्याचा, आरपार जाणारा प्रकाश २० टक्क्यांच्याही खाली. त्याने मीटर पुसून पुन्हा बघितलं.

दिव्याचा प्रकाश पाण्यात विरघळलेली प्रथिनंच गिळून टाकतात. उरलेला कणांवर आदळतो, आणि विषाणू असतो कणाच्या आत: कल्ल्याच्या तुकड्यात, सालीखालच्या पेशीत. सावलीत बसलेल्याला ऊन लागत नाही. वर काचेच्या नळीवर दोन दिवसांत चरबीचा थर येणार, तो पुसणार कोण?

यूव्ही वाईट नाही. शेवटी, स्वच्छ पाण्यावर लावायची वस्तू आहे ती. आम्ही अजून त्या शेवटाच्या जवळपासही नाही.

२७ मे

मग क्लोरीन? शेठचा दुसरा प्रश्न. कागदावर हिशेब केला, कारण हिशेब दाखवला की शेठ ऐकतात.

सगळं सांडपाणी गोळा होतं त्या एकत्र टाकीतल्या पाण्यात अमोनिया नायट्रोजन लिटरला २५ मिलिग्रॅमच्या आसपास. मोकळा क्लोरीन उरायला हवा तर एक भाग नायट्रोजनला किमान ७.६ भाग क्लोरीन आधी जळतो. म्हणजे लिटरला १९० मिलिग्रॅम. दिवसाचं पाणी ६० हजार लिटर, त्याला ११.४ किलो क्लोरीन. १० टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) धरलं तर ११४ लिटर, रोज ३५ लिटरचे तीन कॅन आणि वर थोडं. हे फक्त अमोनियाचं. प्रथिनं आपला वाटा वेगळा मागणार. आणि इतकं टाकल्यावर खाडीत सोडताना उरलेला क्लोरीन १ च्या आत आणायचा, म्हणजे पुन्हा तो मारायला दुसरं रसायन.

शेठनी कॅल्क्युलेटर काढला नाही. नुसतं "नको" म्हणाले.

आत्ता काका करतात ते असं: ब्लीचिंग पावडरची पुरचुंडी शेवटच्या टाकीत लोंबकळती ठेवतात. क्लोरीन तपासायचं ऑर्थोटोलिडीन टाकलं की पाणी पिवळं होतं, काका खूश. पण ते पिवळेपण बहुतेक क्लोरामीनचं, म्हणजे अमोनियाशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचं. तो मारतो, पण निवांत. आमच्या टाकीत पाणी वीस मिनिटंही थांबत नाही.

३ जून

१ तारखेपासून मासेमारी बंद. बोटीचा माल नाही, म्हाकूल नाही, बळा नाही. ३१ जुलैपर्यंत कारखाना तळ्याच्या व्हॅनामीवर. नमुन्यांसाठी ह्याहून बरा काळ मिळणार नाही.

६ जून

पाऊस आला. गटारात बेडूक.

११ जून

जार टेस्ट, म्हणजे कशाने गाळ बसतो ते बरणीत बघायचं. मुंड्यांच्या टेबलाखालचं पाणी वेगळं भरून आणलं. राखाडी-निळसर, वर फेस, आणि अर्ध्या तासात घट्ट होऊ लागतं. कोळंबीचं रक्त हवेत निळं पडतं ते हेच. तुरटीने जमेना, पॅकने (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) गुठळ्या छान धरल्या. खाली गाळ, वर पाणी जवळजवळ पारदर्शक. हौसेखातर थोडं कायटोसानही वापरून बघितलं. कोळंबीच्या सालींपासून बनतं ते, म्हणजे तिचीच साल तिचंच रक्त खाली बसवते. पॅकइतकं चाललं नाही, भाव मात्र बघवत नाही.

काका म्हणाले, "झालं की काम, रोग खाली बसला." बसला, मेला नाही. पॅक विषाणूला मारत नाही, गाळात बसवतो. गाळ जातो सुकवायच्या वाफ्यावर आणि तिथून कुठल्यातरी नारळाच्या बागेत. पाण्यातून काढला म्हणजे जगातून काढला नाही, हे मला इथून पुढे रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागणार.

१९ जून

रात्री दहाला फोन. "मॅडम, टेंपो आलाय, या."

गेले तीन दिवस पावसाची झड, तळ्याचं पाणी एकदम गार पडलं. पाणी ३२ अंशांच्या वर असतं तेव्हा हा विषाणू दबून असतो, गारठा पडला की उसळतो. तळीवाल्यांना हे अंश माहीत नसतील, पण "झड लागली की जागायचं" हे त्यांना पक्कं माहीत आहे. टेंपोबरोबर तळ्याचा मालक स्वतः आला होता. वय तिशीच्या आत, चिखलाने माखलेला, मोबाइल हातात गच्च. काउंट ९०, म्हणजे किलोला ९० नग. अजून महिनाभर राहती तर ५० ची झाली असती. कुणी त्याच्याशी भाव बोलत नव्हतं आणि तोही कुणाला विचारत नव्हता.

टेबलावरच्या मावशींनी एक कोळंबी उचलली, मुंडीवरचं कवच नखाने सोललं आणि ट्यूबलाइटपुढे धरलं. "बघ बाय." पारदर्शक कवचात पांढरे ठिपके, मधे जरा काळसर, मोहरीहून बारीक. मावशी वीस वर्षं मुंड्या काढतायत. त्यांचं निदान प्रयोगशाळेच्या पंधरा दिवस आधी येतं.

पहाटे तीनपर्यंत नमुने भरले. टेबलाखालचं पाणी, क्रेटमधलं बर्फाचं पाणी, सोलण्याच्या हॉलचं, एकत्र टाकी, क्लॅरिफायरनंतरचं, गाळ. आणि वरंबी घातली असली तरी सवयीने पावसाळी गटारातलंही एक. बाटल्या बर्फात. हाताचा वास दोनदा साबण लावूनही गेला नाही.

२० जून

तो मालक सकाळी पुन्हा गेटवर. विचारत होता, तळ्यातलं पाणी आता सोडू का. म्हटलं, अजिबात नको. ब्लीचिंग टाक, आठवडाभर अडवून ठेव, मेलेली कोळंबी काढून चुन्यात पूर. तो म्हणाला, "शेजाऱ्याने गेल्या खेपेला सोडलंन तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी म्हणाला, अडवतो.

४ जुलै

पीसीआरचे, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीचे, निकाल. अंदाजापेक्षा स्पष्ट.

सगळ्यात जास्त विषाणू टेबलाखालच्या पाण्यात, त्याच्या खालोखाल क्रेटच्या बर्फाच्या पाण्यात. सोलण्याच्या हॉलमधलं त्या मानाने बरंच कमी. हे पटण्यासारखं आहे, विषाणू राहतो कल्ल्यांत, जठराच्या अस्तरात, कवचाखालच्या त्वचेत, रक्तात. मुंडी पिरगाळली की हे सगळं एका झटक्यात बाहेर.

क्लॅरिफायरनंतरचं पाणी एकत्र टाकीपेक्षा सात सायकल मागे, म्हणजे विषाणू दिसायला चाचणीच्या सात फेऱ्या जास्त लागल्या. साधारण ३.३ सायकलला दहापट, म्हणजे शंभरपटीहून थोडं जास्त कमी झालं. शेठना आनंद. मग गाळाचा आकडा दाखवला. गाळात टाकीपेक्षाही जास्त. आनंद गेला.

पावसाळी गटाराचा नमुनाही पॉझिटिव्ह, आणि चांगलाच. वरंबीवरून? नाही. रात्री टेंपो मागे लावताना ड्रायव्हरने चाक वरंबीवर चढवून कोपरा फोडलाय. गवंड्याला पुन्हा फोन.

ह्या निकालांवरून एक गोष्ट माझ्यापुरती ठरली. ६० हजार लिटरच्या मागे लागायचं नाही. टेबलाखालचं आणि बर्फाचं मिळून दिवसाला ६ हजार लिटर. विष त्यात आहे. ते बाकीच्या पाण्यात मिसळण्याआधीच पकडायचं. आत्तापर्यंत आपण एक कप दूध विहिरीत ओतून मग अख्खी विहीर गाळत बसलोय.

९ जुलै

मारायचं कशाने? व्हाइट स्पॉटचा विषाणू तसा नाजूक. अंगावर चरबीचं आवरण असलेल्या विषाणूंपैकी आहे, आवरण फाटलं की संपला. ६० अंश उष्णता त्याला मिनिटभरही सोसत नाही, पण ६ हजार लिटर पाणी तापवायचं डिझेल कोण देणार? पीएच १२ वर दहा मिनिटांत जातो. पीएच १२ म्हणजे चुना. चुना कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, काकांना माहीत आहे, आणि तो मारतोही आणि गुठळ्याही धरतो. गाळ बसेल तोही मेलेला बसेल.

कारखान्यामागे जुनी दोन हजार लिटरची टाकी पडून होती. ती मुंड्यांच्या शेडबाहेर आणली, आधी दोन मिलिमीटरची जाळी, मग टाकी, ढवळायला गिअरबॉक्सचा पंखा. एका शिफ्टमध्ये तीन भरत्या. चुन्याची निवळी नाही, दाट दूध करून टाकायचं. हजार लिटरला अडीच किलो लागला तेव्हा पीएच १२ च्या वर टिकला, म्हणजे दिवसाला १५ किलो. २५ किलोची गोणी दीड दिवस आणि वर थोडी. दहा मिनिटांऐवजी तासभर थांबायचं, कारण दहा मिनिटं प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्याची आहेत आणि आमच्याकडे मांसाचे तुकडे आहेत.

पहिली भरती कालच्या उरलेल्या पाण्याची घेतली, ही चूक माझी. शिळ्या पाण्यात अमोनिया साठलेला. चुना पडला आणि तो सगळा हवेत आला. डोळ्यांतून धारा, सोलण्याच्या हॉलमधल्या बायका पदर नाकाला लावून बाहेर. मावशी म्हणाल्या, "रोग मारायला निघालीस की आम्हाला?" नियम लिहून लावला: ताज्या पाण्याला चुना, शिळ्याला नाही. आणि टाकीला झाकण, ढवळणाऱ्याला गॉगल.

वरचं नितळ पाणी रात्री हळूहळू एकत्र टाकीत सोडतो. बाकीच्या ५४ हजार लिटरात मिसळून पीएच ८.४ वर येतो. ॲसिड लागत नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. ईटीपीच्या आवारात ॲसिडचा कॅन आणि हायपोचा कॅन शेजारी नकोत.

१२ जुलै

हायपोवरून आठवण नाही, आजचीच गोष्ट.

शेवटच्या टाकीत आता नीट मोजून क्लोरीन देतो, आणि सोडण्याआधी तो मारायला सोडियम थायोसल्फेट. स्टोअरमध्ये दोन्हींचं नाव "हायपो". फोटो धुण्याच्या जमान्यापासून थायोसल्फेटला हायपो म्हणतात, कोळंबीच्या हॅचरीतही म्हणतात. आणि कारखान्यात हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. एक मारतो, दुसरा मारणाऱ्याला मारतो.

रात्रपाळीच्या मुलाला सांगितलं होतं, "आधी हायपो टाक, अर्ध्या तासाने दुसरं." सकाळी मोजलं तर क्लोरीन शून्य. काका कपाळाला हात लावून, "मेल्याने पांढरं हायपो आधी टाकलान." मुलाची चूक नाही. दोन्ही डब्यांवर पेंटने लिहिलं: एकावर "मारायचं", दुसऱ्यावर "थांबवायचं". स्टोअरकीपरना ते फार अशास्त्रीय वाटतंय. असू दे.

२३ जुलै

चुन्यानंतरच्या नमुन्यांचे निकाल. सगळे निगेटिव्ह! पाण्यातले, गाळातले, सगळे. शेठनी पेढे मागवायची भाषा केली.

मग रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात: अंतर्गत कंट्रोलही निगेटिव्ह. म्हणजे प्रयोगशाळेने मुद्दाम घातलेला, असायलाच हवा असा डीएनएसुद्धा दिसला नाही. विषाणू नाही असा ह्याचा अर्थ होत नाही, मशीनच्या डोळ्यात चुना गेलाय एवढाच होतो. कॅल्शियमने पीसीआर बंद पाडला. फोन केला. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "नमुना उदासीन करून पाठवा, आम्ही दहापट पातळ करून पुन्हा लावतो."

पेढे रद्द.

१ ऑगस्ट

पुन्हा लावलेले आले. पॉझिटिव्ह, पण पुसट. आणि खरी अडचण आत्ता सुरू होते. पीसीआर सांगतो की विषाणूचा डीएनए आहे. तो विषाणू जिवंत आहे की त्याचं नुसतं प्रेत, हे त्याला कळत नाही. ते कळायला निरोगी कोळंबीला टोचून बघावं लागतं, आणि ते काम कारखान्याच्या आवारात, खाडीकाठी, करू नये हे शहाण्याला सांगायला नको.

म्हणून वहीत निकालापेक्षा पीएच महत्त्वाचा. प्रत्येक भरतीला सुरुवातीचा पीएच, तासाभरानंतरचा पीएच, वेळ, सही. तासाभरानंतर १२ च्या खाली गेला तर ती भरती नापास, पुन्हा चुना. काका हे चोख करतात. इलेक्ट्रोड चुन्याने पांढरा होतो म्हणून तो रोज पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची युक्ती त्यांचीच.

७ ऑगस्ट

शेठनी विचारलं, दिवाळीनंतर जिताड्याचा माल घ्यायचा विचार आहे, हीच टाकी चालेल ना?

जिताड्याला नोडाव्हायरस होतो, पिल्लांना जास्त. त्याला चरबीचं आवरण नाही, नुसतं प्रथिनांचं कवच, म्हणून चिवट. नॉर्वेत सामनच्या कत्तलखान्यांना रक्ताचं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय समुद्रात सोडता येत नाही, आणि त्यांचाही अनुभव हाच: सामनच्या ॲनिमियाचा विषाणू आवरणवाला, थोड्या यूव्हीत जातो, स्वादुपिंड कुजवणारा आयपीएन बिनआवरणाचा, त्याला कित्येक पट जास्त मात्रा लागते. "मासळीचे विषाणू" असा एक डबा नसतोच. शेठना म्हटलं, कोळंबीसाठी पास झालेली टाकी जिताड्यासाठी पास धरू नका, तेव्हा वेगळं बघू. वहीत लिहून ठेवतेय म्हणजे मी विसरले तरी वही विसरणार नाही.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. बोटी सुरू होऊन अडीच आठवडे. नारळीभात मावशींच्या डब्यातला.

१८ सप्टेंबर, बुधवार

गणपती झाले, बायका परत आल्या, माल जोरात. दुसऱ्या पिकाची तळी आता काढणीला येतायत. मुद्दाम पावसाळी गटाराचा आणि खाडीकाठच्या खडकाचा नमुना घेतला होता. गटार निगेटिव्ह, कंट्रोल ठीक. खडकाजवळचा पुसट पॉझिटिव्ह.

कुठून? खाडी तर सगळ्यांची आहे, वरच्या तळ्यांतून येऊ शकतं, रानटी खेकड्यांत असू शकतं. तरी संध्याकाळी रेनकोट घालून गेटबाहेर उभी राहिले.

मुंड्यांचा टेंपो साडेसहाला निघतो. आम्ही एवढं पाण्यामागे लागलो आणि मुंड्या? रोजचा टनभर माल, त्याच्यातला तिसरा हिस्सा मुंडी. बराचसा मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात जातो, तिथे शिजतो, तो प्रश्न मिटला. पण शनिवारी थोडा खेकडे पोसणाऱ्यांकडे कच्चाच जातो, हे मला आज कळलं. खेकडा हा विषाणू बाळगतो आणि बहुतेकदा मरत नाही. म्हणजे आपणच बी पेरायला देतोय.

आणि टेंपो. मोरीच्या वळणावर ड्रायव्हर थांबला, खाली उतरला, हौद्याच्या मागचं बूच काढलं. धो धो पाणी, मोरीतून सरळ खाडीत. मला बघून कसनुसं हसला. "मॅडम, गावातून जाताना गळलं तर लोक शिव्या घालतात. म्हणून इथेच रिकामा करतो."

बादली लावून मोजलं, जे उरलं होतं तेच चाळीस लिटर भरलं.

१९ सप्टेंबर

शेठशी बोलले. खेकडेवाल्यांना शनिवारपासून मुंड्या उकडूनच, नाहीतर नाही. शेठ कुरकुरले, मग एक जुनं पातेलं आणि बर्नर द्यायला तयार झाले. टेंपोचं पाणी निघण्याआधी चुन्याच्या टाकीत काढायचं, आणि हौद्याचं बूच वेल्डिंग करून बंद. वेल्डर उद्या नऊला येतो म्हणालाय. काका म्हणतात, साडेदहा धरा.